पायाखालची जमीन आणि डोळ्यांवरचा आभास

केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांतून ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याचा संकल्प जाहीर केला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या योजनेचाच हा विस्तार होय. शाळांतून यंत्रे येणार आणि त्यांवर सार्वजनिक पैसा खर्च होणार, हे त्यामुळे ठरल्यासारखेच आहे. कोणती यंत्रे यावीत, त्यांची मालकी कोणाकडे असावी आणि त्यांनी नेमके काय शिकवावे, या प्रश्नांची उत्तरे मात्र लोकांसमोर चर्चा होण्यापूर्वीच निविदांच्या अटींत लिहिली जाण्याचा धोका आहे. या यंत्रांत 'आभासी वास्तव' आणि 'संवर्धित वास्तव' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या साधनांचा गाजावाजा विशेष आहे. भूविज्ञान, म्हणजे पृथ्वीची रचना, खडक, पाणी, भूकंप व दरडी यांचे शास्त्र, शिकवण्यासाठी ही साधने फार उपयुक्त आहेत असे सांगितले जाते. हा दावा पूर्णतः खोटा नाही, आणि म्हणूनच त्याची नीट छाननी होणे अगत्याचे आहे.

प्रथम या दोन साधनांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. आभासी वास्तवात विद्यार्थी डोळ्यांवर हेडसेट चढवतो. भोवतालचा वर्ग त्याच्यापुरता नाहीसा होतो आणि त्याच्या जागी संगणकाने रचलेले दृश्य अवतरते. संवर्धित वास्तवात भोवतालचे जग जसेच्या तसे राहते, आणि संगणक त्यावर आपल्या रेषा, रंग व आकडे चढवतो. पहिल्यात विद्यार्थी एकटा पडतो, तर दुसऱ्यात तो शेजाऱ्याबरोबर उभा राहून तीच वस्तू पाहू शकतो. जाहिरातींत हा भेद पुसला जातो, पण शिक्षणाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे.

भूविज्ञानाला अशा साधनांची गरज का भासते, हेही समजून घ्यावयास हवे. या शास्त्राचा विषय एकीकडे पायाखाली आहे, तर दुसरीकडे डोळ्यांच्या आवाक्याबाहेर आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग ज्या काळ्या बसाल्टने व्यापला आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांतून बनला. हा काळ कोणत्याही फळ्यावर मावत नाही. विहीर खणताना आधी माती, मग मुरूम आणि मग काळा पत्थर लागतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. परंतु त्या पत्थराच्या कोणत्या भेगांत पाणी साठते आणि शेजारच्या खोल बोअरमुळे आपली विहीर का आटते, हे त्याला डोळ्यांनी पाहता येत नाही. सपाट कागदावरच्या समोच्च रेषांतून डोंगराचा उतार मनात उभा करणे तर पदवीच्या विद्यार्थ्यांनाही जड जाते. जे दिसत नाही ते दाखवणारे साधन मिळाले, तर भूविज्ञानाच्या शिक्षकाने ते नाकारण्याचे कारण नाही. सहलीला न जाऊ शकणाऱ्या अपंग विद्यार्थ्याला आणि घरून परवानगी न मिळणाऱ्या मुलीला तर ते एक दार उघडून देते.

असे एक साधन गेल्या दशकात जगभर पसरले आहे आणि त्याची कहाणी उद्बोधक आहे. चेक प्रजासत्ताकातील काही संशोधकांच्या प्रयोगावरून प्रेरणा घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ऑलिव्हर क्रेलॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास वाळूची एक पेटी तयार केली. पेटीवर खोली मोजणारा एक कॅमेरा व एक प्रोजेक्टर टांगलेला असतो. मुलांनी वाळूचा डोंगर रचला की कॅमेरा प्रत्येक ठिकाणची उंची मोजतो, संगणक तिचे गणित करतो आणि प्रोजेक्टर त्याच वाळूवर रंग व समोच्च रेषा टाकतो. डोंगर हाताने खचवला की रेषा तत्क्षणी सरकतात. पेटीवर तळहात पसरला की संगणक तेथे पाऊस पाडतो, आणि उथळ पाण्याच्या प्रवाहाच्या समीकरणांनुसार ते निळे पाणी उतार शोधत दरीत उतरते. मुलाने बोटाने बांध घातला की तलाव भरतो आणि बांध फोडला की खालचे खोरे बुडते. पाणलोट म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मग वेगळी व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

या पेटीचे दोन गुण विशेष नोंदवावेत असे आहेत. तिच्याभोवती आठ-दहा मुले एकाच वेळी उभी राहून हात घालू शकतात, वाद घालू शकतात. आणि तिची संगणकप्रणाली तिच्या कर्त्यांनी मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली करून दिली. सार्वजनिक निधीतून झालेले हे काम कोणीही वापरावे, बदलावे आणि पुढे द्यावे, अशी ती व्यवस्था आहे. त्यामुळेच निरनिराळ्या देशांतील शाळा, महाविद्यालये आणि संग्रहालये यांनी आपापल्या सुताराकडून पेट्या करवून घेऊन शेकडोंच्या संख्येने त्या उभ्या केल्या.

आता याच काळातील दुसरी कहाणी पाहावी. गूगल कंपनीने २०१५ मध्ये 'एक्सपिडिशन्स' नावाचा उपक्रम शाळांसाठी आणला. पुठ्ठ्याच्या चष्म्यात मोबाइल बसवून मुलांनी प्रवाळभित्तींची व दूरदेशींच्या पर्वतांची सफर करावी, अशी ती कल्पना होती. अनेक देशांतील शिक्षकांनी आपले पाठ तिच्याभोवती बेतले. २०२१ च्या मध्यास कंपनीने हे उपयोजन बंद केले आणि त्याच वर्षी आपल्या पुठ्ठ्याच्या चष्म्यांची विक्रीही थांबवली. मायक्रोसॉफ्टने आपल्या 'होलोलेन्स' या महागड्या हेडसेटचे उत्पादन २०२४ मध्ये आटोपते घेतले. फेसबुकच्या मालक कंपनीने २०२० मध्ये आपल्या हेडसेटसाठी फेसबुकचे खाते सक्तीचे केले, आणि टीका झाल्यावर २०२२ मध्ये ती अट बदलून स्वतःचे दुसरे खाते लागू केले. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. नफा न देणारी वस्तू बंद करणे हा खाजगी भांडवलाचा स्वभावच आहे. शाळेचा अभ्यासक्रम मात्र भागधारकांच्या तिमाही हिशेबावर चालू शकत नाही.

वाळूच्या पेटीलाही या नियमाची झळ लागली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्यात वापरला जाणारा 'किनेक्ट' हा कॅमेरा मुळात खेळाच्या यंत्रासाठी बनवलेला होता आणि त्याचे उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये थांबवले. तथापि, प्रणाली खुली असल्यामुळे जाणकाराला तिला दुसरा कॅमेरा जोडता येतो, आणि जुने कॅमेरे मिळवूनही काम चालते. बंद प्रणाली विकत घेणाऱ्या शाळेच्या हाती मात्र कंपनीने पाठ फिरवल्यावर निरुपयोगी प्लास्टिकच उरते. मालकीचा प्रश्न हा केवळ तत्त्वज्ञानाचा नसून शाळेच्या कपाटातील वस्तू चालू राहील की धूळ खाईल याचा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही या प्रश्नाचा विचार व्हावा. एखाद्या डोंगराची किंवा भूगर्भातील थरांची त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्यास पहिला खर्च मोठा येतो. ती एकदा तयार झाली की हजाराव्या किंवा लाखाव्या विद्यार्थ्याला दाखवण्याचा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूवर दरडोई वार्षिक शुल्क आकारणे म्हणजे ज्यांना ती देण्यास काहीच जादा खर्च येत नाही, त्यांनाच किमतीच्या कुंपणाबाहेर ठेवणे होय. अशा वस्तूचा पहिला खर्च समाजाने उचलावा आणि वापर सर्वांना खुला ठेवावा, हाच न्यायाचा आणि काटकसरीचाही मार्ग. महाराष्ट्राने पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत हा मार्ग पूर्वीच चोखाळला आहे. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि पाठ्यपुस्तक ही बाजाराच्या मर्जीवरची वस्तू न राहता राज्याची जबाबदारी ठरली. छापील धड्याला जो न्याय लावला तो आभासी धड्याला लावू नये, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही.

हेडसेटच्या गुणवत्तेबद्दलही सावध राहावे असे संशोधनच सांगते. पॅरोंग व मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीवशास्त्राचा एक पाठ काही विद्यार्थ्यांना आभासी वास्तवात आणि काहींना साध्या स्लाइड्सवर दिला. आभासी वास्तवातील विद्यार्थ्यांना पाठ अधिक आवडला, पण चाचणीत स्लाइड्स पाहणारे पुढे गेले. माक्रान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात प्रयोगशाळेच्या आभासी अनुभवाचा निष्कर्षही असाच होता : प्रत्यक्ष तेथे असल्याची भावना वाढली, शिकणे मात्र घटले. पहिल्या अभ्यासातील पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पाठ मध्येमध्ये थांबवून विद्यार्थ्यांना स्वतःच्या शब्दांत सारांश लिहावयास लावल्यावर आभासी पाठाचा परिणाम सुधारला. ज्ञान यंत्रातून आपोआप पाझरत नाही. थांबवणारा, विचारणारा, लिहावयास लावणारा शिक्षक लागतो. त्यातच आपल्या वर्गांचे वास्तव पाहावे. ५० मुलांचा वर्ग, ४० मिनिटांची तासिका आणि ५ हेडसेट असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४ मिनिटे येतात. उरलेली ३६ मिनिटे मूल आपल्या पाळीची वाट पाहते. आणि ज्या देशात २०२४-२५ च्या शासकीय आकडेवारीनुसार सुमारे ६५ टक्के शाळांतच संगणक आहेत, तेथे निम्म्या वर्गाला पुरतील इतक्या हेडसेटची भाषा करणे म्हणजे मूठभर शाळांची चैन सर्वांच्या नावावर मांडणे होय.

यावर डावीकडून एक उत्तर नेहमी येते. ज्या शाळेला धड स्वच्छतागृह नाही, तेथे असल्या खेळण्यांची चर्चाच कशाला, असे ते उत्तर असते. त्यामागील संताप समजण्यासारखा असला तरी निष्कर्ष चुकीचा आहे. स्वच्छतागृह हा मुलांचा हक्क आहे आणि उत्तम विज्ञान शिकणे हाही हक्कच आहे. गरिबाच्या मुलाला पहिले मिळेपर्यंत दुसरे मागू नये, असे म्हणणाऱ्याला आपण नकळत दोन प्रकारच्या शिक्षणाची सोय करून देत आहोत याचे भान राहत नाही. धनिकांच्या शाळांत ही साधने येतीलच. प्रश्न आहे तो ती बहुजनांच्या शाळेत कोणत्या रूपाने येतील, हा.

या संदर्भात होशंगाबादचा धडा विसरता कामा नये. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 'किशोर भारती' आणि 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांनी १६ सरकारी शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. स्वस्त साहित्य, परिसरातील माती, पाने व दगड, आणि मुलांनी स्वतः केलेली निरीक्षणे हा त्याचा पाया होता. विद्यापीठांतील शास्त्रज्ञ गावांतील शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून धडे रचत. पुढे 'एकलव्य' संस्थेने १९८२ पासून ते काम वाहिले आणि ते शेकडो शाळांत पोहोचले. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. साधने साधी असोत की अत्याधुनिक, त्यांच्यामागे शिक्षकांची संघटित तयारी आणि लोकांचा राजकीय पाठिंबा नसेल तर ती टिकत नाहीत, हाच त्याचा अर्थ. वाळूची पेटी होशंगाबादच्या परंपरेत सहज बसते. डोळ्यांवर चढवलेला आणि कुलूपबंद प्रणालीवर चालणारा हेडसेट त्या परंपरेत बसवण्यासाठी मात्र बरीच झटापट करावी लागेल.

महाराष्ट्रात तर हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेत भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले आणि १५१ माणसे मृत्यू पावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती गेली. २७ मृतदेह हाती आले आणि ५७ जण बेपत्ता असतानाच शोधकार्य थांबले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनातर्फे विधानसभेत सांगण्यात आले. यादी करणारे वाडीपासून दूर होते, आणि वाडीतील माणसांच्या हाती आपल्या डोंगराचा उतार, झिजलेला खडक व पावसाचे पाणी यांचा हिशेब मांडण्याचे साधन कोणी दिले नव्हते. ते साधन दिले असते तर दुर्घटना टळलीच असती, असे म्हणणे उथळपणाचे होईल. परंतु यादीत आपले गाव का नाही, हा प्रश्न वेळीच विचारण्याचे बळ अशा ज्ञानातूनच येते.

हे ज्ञान लोकांपासून दूर ठेवण्याची आपल्या राज्ययंत्रणेची जुनी सवय आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे, सीमा व किनारपट्टीलगतच्या विस्तीर्ण प्रदेशाचे समोच्च रेषांसह नकाशे सामान्य नागरिकाला दीर्घकाळ दुर्लभ होते. २००५ च्या नकाशा धोरणाने आणि विशेषतः फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही बंधने बरीच सैल झाली. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये दिलेला अहवालही सरकारने दाबून ठेवला होता, आणि तो माहितीच्या अधिकाराखाली लढून २०१२ मध्ये खुला करून घ्यावा लागला. आज नकाशे मिळू लागले आहेत. ते वाचता येणारी माणसे मात्र शाळेतूनच घडावी लागतील. ज्या मुलीने वाळूच्या पेटीत डोंगराची कड तोडून रस्ता काढला आणि पाणी कुठे वळते ते पाहिले, ती उद्या ग्रामसभेत खाणीचा किंवा घाटरस्त्याचा आराखडा पुढे आल्यावर गप्प बसणार नाही.

पेटीच्या मर्यादाही ओळखून असले पाहिजे. वाळूखाली कोणता खडक आहे, तो किती झिजला आहे, पाणी कोठे मुरते आणि दाब वाढला की उतार केव्हा सुटतो, हे ती सांगत नाही. तेथे भूगर्भाच्या त्रिमितीय प्रतिकृती उपयोगी पडतील, आणि त्यांसाठी लागणारी सामग्री सार्वजनिक संस्थांकडेच आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोलीचा वेध पूर्ण करण्यात आला, आणि सुमारे १,२५० मीटर जाडीचा बसाल्ट ओलांडून खालच्या प्राचीन खडकापर्यंत शास्त्रज्ञ पोहोचले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. जनतेच्या पैशाने जमवलेली ही माहिती मराठीतील खुल्या धड्यांत उतरली, तर साताऱ्याचे मूल परदेशातील ज्वालामुखी पाहण्याआधी आपल्या अंगणाखालचे थर पाहील.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. शाळांसाठी सार्वजनिक पैशाने घेतली जाणारी प्रत्येक संगणकप्रणाली आणि प्रत्येक आभासी धडा मुक्त परवान्याचा असावा. साधने प्रत्येक शाळेत एकेक वाटून धूळ खाण्यापेक्षा तालुक्याच्या गट साधन केंद्रात ठेवावीत आणि तेथून ती वाड्यावस्त्यांवर फिरवावीत. खरेदीच्या रकमेचा ठरावीक हिस्सा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा. मुलांची कोणतीही खाजगी माहिती कंपनीच्या खात्यात जाऊ नये. आणि आभासी सहलीला जोडून ओढा, विहीर, दगडखाण किंवा डोंगरउतार यांची प्रत्यक्ष भेट सक्तीची असावी. चष्मा काढल्यावर मुलाने बाहेर जाऊन खडकाला हात लावलाच पाहिजे.

या मागण्या सभागृहांत मांडल्या जातीलच. परंतु कार्यकर्त्यांना त्यासाठी थांबून राहण्याचे कारण नाही. आपल्या तालुक्यातील प्रयोगशाळांसाठी काय खरेदी झाले, परवाना कसला घेतला आणि दुरुस्ती कोण करणार, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. अभियांत्रिकी महाविद्यालयातील चार विद्यार्थी, एक भूगोलाचा शिक्षक आणि एक सुतार एकत्र आले तर वाळूची पेटी उभी राहू शकते. पावसाळ्यापूर्वी डोंगरउतारावरच्या एखाद्या आश्रमशाळेत ती नेऊन तिच्यात त्याच डोंगराची प्रतिकृती मुलांकडून रचून घ्यावी, आणि मग त्याच मुलांना घेऊन उतारावर पडलेल्या भेगा पाहावयास जावे. एवढे काम प्रत्येक तालुक्यात एका ठिकाणी जरी झाले, तरी पुढच्या वर्षीच्या यादीबद्दल विचारणा करण्यासाठी गाव तहसील कचेरीत हात हलवत जाणार नाही.